दुराव्याचे गीत आणि लोकगीताचा रूपबंध : बॉब डिलनच्या तीन रचनांचा अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

लोकगीत ही समूहाची निर्मिती मानली जाते. तिचा कर्ता अनाम असतो, संहिता प्रवाही असते आणि तिच्यातील सुखदुःख कोणा एकाच्या मालकीचे नसते. याउलट प्रेमभंगानंतर लिहिलेले गीत ही अत्यंत खाजगी स्वरूपाची निर्मिती होय. ते एका विशिष्ट व्यक्तीने दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीसंबंधी एका विशिष्ट प्रसंगानंतर लिहिलेले असते. हे दोन्ही धर्म एकाच रचनेत एकत्र येतात तेव्हा काय घडते? लोकगीताचा अनाम साचा आत्मनिष्ठ दुःखाला दडपून टाकतो, की त्याला अधिक समर्थ आविष्कार मिळवून देतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमेरिकन गीतकार बॉब डिलन याच्या १९६२ ते १९६४ या काळातील तीन रचनांच्या आधारे करावयाचा आहे.

या तीन रचनांची निवड हेतुपूर्वक केलेली आहे. तिन्हींच्या मुळाशी एकाच नात्यातील दुरावा आहे, आणि तिन्हींनी पारंपरिक लोकगीतांकडून काही ना काही उसने घेतले आहे. तिन्ही रचना प्रामुख्याने अकूस्टिक गिटारीच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याविना वाजणाऱ्या गिटारीच्या, साथीने गायिल्या जाणाऱ्या आहेत. अनुभवाचे मूळ, आविष्काराचे माध्यम आणि कर्ता समान असूनही त्यांतील पहिल्या दोन रचना दीर्घकाळ गायिल्या गेल्या, इतरांनीही त्या आपल्याशा केल्या. तिसरीबद्दल मात्र खुद्द कर्त्यानेच पुढे खेद व्यक्त केला. या भिन्न परिणामाची कारणे शोधणे म्हणजेच वरील प्रश्नाचे उत्तर शोधणे होय.

डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीताला साहित्य म्हणावे काय, असा वाद पाश्चात्त्य देशांत झाला. ओवी, अभंग, लावणी आणि पोवाडा यांनी ज्या वाङ्मयाचा मोठा भाग व्यापलेला आहे, त्या मराठीच्या अभ्यासकाला हा वाद फारसा अडवणारा नाही. गेय रचना कशी वाचावी, हा प्रश्न मात्र त्याच्याही पुढे आहेच.

२. पार्श्वभूमी : पुनरुज्जीवन आणि एक नाते

इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचे, म्हणजेच बॅलडचे, शास्त्रशुद्ध संकलन फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापकाने केले. १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ३०५ कथागीते पाठभेदांसह आली आहेत. पुढे सेसिल शार्प याने १९१६ ते १९१८ या काळात अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतप्रदेशात हिंडून त्यांतील अनेक गीते तेथील वस्त्यांमधून अद्याप गायिली जातात, हे दाखवून दिले. १९५२ साली हॅरी स्मिथने संपादित केलेला ८४ ध्वनिमुद्रणांचा संग्रह फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केला. ग्रंथ, क्षेत्रीय संकलन आणि ध्वनिमुद्रिका या तीन मार्गांनी आलेले हे धन न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीतील तरुण गायकांच्या हाती पडले. लोकगीतांचे जे पुनरुज्जीवन १९५० नंतरच्या काळात तेथे घडले, त्याचे स्वरूप असे होते. ही मंडळी शहरी होती आणि मौखिक परंपरा त्यांना जन्माने मिळालेली नव्हती. ती त्यांनी अभ्यासाने मिळवली होती.

मिनेसोटा राज्यात वाढलेला डिलन जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. मार्च १९६२ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील तेरा गीतांपैकी केवळ दोन त्याची स्वतःची होती. उरलेली पारंपरिक किंवा इतरांची होती. गीतकार म्हणून त्याचे शिक्षण परंपरेच्या अनुकरणातून झाले, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

१९६१ च्या जुलैमध्ये त्याची सूझी रोटोलो या तरुणीशी ओळख झाली. ती नागरी हक्कांच्या चळवळीत आणि रंगभूमीच्या क्षेत्रात वावरणारी होती. ब्रेख्तच्या गीतांचा डिलनला जो परिचय झाला, त्याला तिचे नाट्यक्षेत्रातील काम कारणीभूत झाले. जून १९६२ मध्ये ती आपल्या आईबरोबर इटलीला गेली आणि पेरुजा येथे शिकू लागली. तिचा मुक्काम लांबत गेला. जानेवारी १९६३ मध्ये ती परतली, तेव्हा डिलन युरोपात होता. त्यानंतर दोघे पुन्हा एकत्र आले. 'द फ्रीव्हीलिन बॉब डिलन' (मे १९६३) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बर्फाळ रस्त्यावरून चालणाऱ्या या दोघांचे छायाचित्र आहे. १९६४ च्या वसंतात मात्र हे नाते कायमचे तुटले. येथे विचारात घेतलेल्या रचनांपैकी पहिल्या दोन इटलीच्या प्रवासाने निर्माण झालेल्या दुराव्यातून आल्या, तर तिसरी अखेरच्या विच्छेदानंतर लिहिली गेली.

३. 'डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट' : जाणाऱ्याचा मुखवटा

हे गीत १४ नोव्हेंबर १९६२ रोजी ध्वनिमुद्रित झाले. त्या वेळी रोटोलो इटलीत होती. गीतातील प्रसंग साधा आहे. पहाटे कोंबडा आरवण्याच्या वेळी निवेदक घर सोडून निघाला आहे आणि जाता जाता तो प्रेयसीशी बोलतो आहे. आपल्या जाण्याबद्दल तिने दोनदा विचार करू नये, सगळे ठीक आहे, असे प्रत्येक कडव्याच्या अखेरीस तो तिला सांगतो.

चरित्रातील वस्तुस्थिती आणि गीतातील प्रसंग यांची तुलना केली असता एक ठळक विपर्यास लक्षात येतो. प्रत्यक्षात ती गेली होती आणि तो मागे राहिला होता. गीतात तो जातो आणि ती मागे राहते. हा विपर्यास कोठून आला, याचा शोध घेतल्यास वाट परंपरेकडे जाते.

या गीताची चाल आणि काही शब्दबंध पॉल क्लेटन या गायकाच्या 'हूज गॉना बाय यू रिबन्स' या गीतावरून घेतलेले आहेत. क्लेटन हा डिलनचा मित्र होता. तो स्वतः लोकसाहित्याचा अभ्यासक होता आणि त्याचे गीतही एका जुन्या पारंपरिक गीतावर आधारलेले होते. त्या जुन्या गीतात निघून जाणारा पुरुष विचारतो, की मी गेल्यावर तुला कोंबड्या कोण आणून देईल. क्लेटनने कोंबड्यांच्या जागी फिती आणल्या. डिलनने तो प्रश्नच काढून टाकला. मात्र ज्या भूमिकेतून तो प्रश्न विचारला जात होता ती भूमिका, म्हणजे निघून जाणाऱ्याची भूमिका, त्याने कायम ठेवली.

म्हणजे मागे राहिलेल्या माणसाला परंपरेने जाणाऱ्याचा मुखवटा पुरवला. टाकला गेल्याचे दुःख सरळ सांगण्याऐवजी टाकून जाणाऱ्याचा अभिमान बोलण्याची सोय या साच्याने करून दिली. या ध्वनिमुद्रिकेसोबतच्या टिपणात डिलनने म्हटले होते, की हे प्रेमगीत नव्हे; माणूस स्वतःला बरे वाटावे म्हणून जे बोलतो तसे हे बोलणे आहे, जणू स्वतःशीच केलेले. या स्पष्टीकरणाच्या प्रकाशात ध्रुवपदाचा अर्थ उलगडतो. दोनदा विचार करू नकोस, हे वाक्य वरकरणी तिला उद्देशून असले, तरी पुन्हा पुन्हा विचार करतो आहे तो निवेदकच. सगळे ठीक आहे, असे चार वेळा सांगावे लागणे हाच काही ठीक नसल्याचा पुरावा ठरतो.

गीताच्या रचनेत हा अंतर्विरोध फार नेमकेपणाने ठेवलेला आहे. दुसऱ्या कडव्यात निवेदक क्षणभर थबकतो. तिने काहीतरी करावे, काहीतरी बोलावे आणि आपले मन वळवावे, अशी इच्छा त्याच्या तोंडून निसटते. लगेच तो ती मागे घेतो. आपण तसे फारसे बोलत नव्हतोच, अशी सारवासारव करून तो पुन्हा चालू लागतो. संपूर्ण गीतात मुखवटा बाजूला सरकतो तो एवढ्याच जागी. शेवटच्या कडव्यात तो अधिकच घट्ट बसतो. तिने आपल्याला फारसे दुखावले नाही, केवळ आपला वेळ वाया घालवला, असा बोचरा हिशेब तेथे मांडला जातो. पण दुसऱ्या कडव्यातील फट श्रोत्याने पाहिलेली असल्याने हा हिशेब त्याला खरा वाटत नाही. कठोर शब्द जितके वाढतात, तितकी त्यांमागील व्यथा स्पष्ट होत जाते.

साथीचा विचारही येथे आवश्यक आहे. गिटारीच्या तारा बोटांनी एकेक छेडत जाणारी एक अखंड, काहीशी जलद लय या गीताला आहे. ती चालत असलेल्या माणसाची लय आहे. शब्दांत कोठेही अडखळ आली, तरी ही लय अडखळत नाही. माउथ ऑर्गन वाजवणारा आणि गाणारा एकच असल्याने तो वाजू लागताच शब्द थांबतात. कडव्यांमधील हे थांबे अर्थपूर्ण आहेत. जे बोलायचे नाही ते तेथे श्वासातून व्यक्त होते. एकच माणूस, एकच आवाज आणि हातातील वाद्य, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीमुळे गीताला एकांत प्राप्त होतो. एरवी खोटा वाटू शकला असता असा मुखवटा या एकांतात श्रोता समजून घेतो.

४. 'बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर' : मागे राहणारा पुरुष

ऑगस्ट १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या आणि १९६४ च्या आरंभी 'द टाइम्स दे आर अ-चेंजिन' या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध झालेल्या या रचनेत परंपरेचा उपयोग वेगळ्या प्रकारे केलेला आहे. येथे चरित्रातील घटनेचा क्रम उलटवलेला नाही. उलट, परंपरेतील भूमिकांचा क्रम उलटवलेला आहे.

गीताला नऊ कडवी आहेत. पहिली सहा कडवी हा संवाद आहे. समुद्रप्रवासाला निघालेली व्यक्ती विचारते, की तिकडून तुझ्यासाठी काय पाठवू? मागे राहणारी व्यक्ती म्हणते, की मला काही नको, तू तशीच्या तशी परत ये. चांदीसोन्याची भेट सुचवली जाते आणि नाकारली जाते. प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि उत्तर पुन्हा दिले जाते. फ्रान्सिस गमर याने १९०७ साली कथागीताच्या रचनेची जी वैशिष्ट्ये सांगितली, त्यांतील वाढत जाणारी पुनरावृत्ती ती हीच. प्रत्येक आवर्तनात शब्द जवळजवळ तेच राहतात, पण अर्थ एक पाऊल पुढे जातो. इतक्या वेळा भेटवस्तूविषयी विचारले जाते आहे, याचा अर्थ जाणारी व्यक्ती लवकर परतणार नाही, हे श्रोत्याला हळूहळू उमगते. मागे राहणाऱ्यालाही ते तसेच हळूहळू उमगते.

या सहा कडव्यांत कोण स्त्री आणि कोण पुरुष, हे सांगितलेले नाही. इंग्रजी भाषेत उत्तम आणि मध्यम पुरुषी रूपांना लिंगभेद नसल्याने हे शक्य होते. मराठी अनुवादकाला येथे मोठीच अडचण येईल. वरील परिच्छेदातही 'तशीच्या तशी' असे म्हणताना ते रहस्य फुटलेच आहे. परंपरेशी परिचित असलेला श्रोता आपोआप असे धरून चालतो, की दर्यावर जाणारा तो पुरुष आणि किनाऱ्यावर थांबलेली ती स्त्री. असंख्य कथागीतांनी त्याची तशी अपेक्षा घडवलेली असते. सातव्या कडव्यात जहाजावरून पत्र येते आणि त्या पत्राच्या उल्लेखात स्त्रीवाचक सर्वनाम येते. तेव्हा प्रथमच कळते, की गेली ती स्त्री आणि वाट पाहत राहिला तो पुरुष.

भारतीय काव्यपरंपरेच्या अभ्यासकाला या उलटापालटीचे महत्त्व विशेषत्वाने जाणवेल. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'पासून वाट पाहण्याचे काम प्रायः स्त्रीकडे आहे. प्रोषितभर्तृका ही नायिकाभेदातील एक प्रतिष्ठित अवस्था आहे. तिच्याइतक्या ठळक स्वरूपात मागे राहिलेल्या पुरुषाची अवस्था या परंपरेत सहसा आढळत नाही. ज्ञानदेवांच्या विराण्यांत आणि शाहिरांच्या लावण्यांत पुरुष कवी विरह व्यक्त करताना स्त्रीचा आवाज धारण करतो. डिलनच्या गीतात पुरुषाने स्त्रीचा आवाज घेतलेला नाही. त्याने तिची जागा घेतलेली आहे. ही जागा परंपरेने त्याच्यासाठी तयार ठेवलेली नव्हती. म्हणूनच सातव्या कडव्यात त्याचा एकाकीपणा अधिक प्रकर्षाने जाणवतो.

शेवटच्या तीन कडव्यांत संवाद संपून एकच आवाज उरतो. ही रचनाच विच्छेदाची घटना सांगते. वेगळे निवेदन करावे लागत नाही. परत केव्हा येईन ते माझ्या मनःस्थितीवर अवलंबून आहे, असे पत्रात लिहिलेले असते. मागे राहिलेला तिला दूषण देत नाही. तो तिला वादळी वाऱ्यापासून जपून राहण्यास सांगतो. आणि मग ज्याने इतका वेळ काहीच मागितले नव्हते, तो एक वस्तू मागतो : स्पॅनिश चामड्याचे बूट.

हे बूटही उसने आहेत. चाइल्डच्या संग्रहात २०० व्या क्रमांकावर असलेल्या 'द जिप्सी लॅडी' या कथागीतात एक धनवंताची पत्नी जिप्सीबरोबर घर सोडून जाते. तिच्या अमेरिकन पाठांत स्पॅनिश चामड्याच्या पादत्राणांचा किंवा हातमोजांचा उल्लेख येतो. सुखवस्तू आयुष्याची ती खूण असते आणि जाताना ती बाई ती उतरवून ठेवते. म्हणजे घर सोडून जाणाऱ्या स्त्रीची आठवण या वस्तूला आधीच चिकटलेली आहे. ज्या श्रोत्याला हे कथागीत माहीत आहे, त्याला शेवटच्या मागणीतील स्वीकार ऐकू येतो : ती गेली आहे. ज्याला ते माहीत नाही त्यालाही एवढे कळते, की माणसाऐवजी वस्तू मागितली गेली तेव्हा माणसाची आशा संपली. परंपरेतील एकच प्रतिमा अशी दोन स्तरांवर काम करते.

५. 'बॅलड इन प्लेन डी' : साच्याचा उपयोग आणि साच्याचा भंग

तिसरी रचना ९ जून १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झाली. 'अनदर साइड ऑफ बॉब डिलन' ही सबंध ध्वनिमुद्रिका त्या एकाच बैठकीत तयार झाली. हे गीत आठ मिनिटांहून अधिक लांबीचे असून त्याला तेरा कडवी आहेत. त्याचे वळण प्रियेला गमावलेल्या पुरुषाच्या जुन्या ब्रिटिश लोकगीतांचे आहे आणि शीर्षकातच 'बॅलड' हा शब्द आहे. म्हणजे परंपरेचा आधार येथे कमी झाला, असे म्हणता येणार नाही. तरीही या गीताचा परिणाम पूर्वीच्या दोहोंपेक्षा सर्वस्वी भिन्न होतो. याचे कारण काय?

एका रात्रीच्या भांडणाचे हे जवळजवळ साद्यंत वर्णन आहे. प्रेयसी निष्पाप ठरवली जाते आणि दोषाचा मोठा वाटा तिच्या बहिणीवर ठेवला जातो. बहिणीसाठी वापरलेले शब्द कठोर आहेत. आईचाही उल्लेख आहे. निवेदक स्वतःकडेही काही दोष घेतो, परंतु तो घेत असताना तो न्यायाधीशाच्याच आसनावर असतो. कथागीत कारणे देत नाही. ते प्रसंगावरून प्रसंगावर उडी घेते आणि मधल्या जागा श्रोत्यासाठी रिकाम्या सोडते. येथे मात्र मधली प्रत्येक जागा स्पष्टीकरणाने भरलेली आहे. चाल लोकगीताची राहिली, पण लोकगीताचे मौन गेले.

परिणामी श्रोत्याला दुःखात प्रवेश मिळत नाही. त्याला एका वादात साक्षीदार म्हणून उभे केले जाते, आणि समोरच्या पक्षाचे म्हणणे तर त्याने ऐकलेले नसते. केवळ अखेरच्या कडव्यात, स्वातंत्र्याविषयी आणि आकाशातील पक्ष्यांविषयी एक प्रश्न विचारून गीत थांबते, तेव्हा परंपरेची मितव्ययी भाषा परत येते. तेवढाच भाग स्मरणात राहतो. १९८५ साली एका मुलाखतीत डिलनने हे गीत आपण लिहायला नको होते, अशा आशयाचा खेद व्यक्त केला. आपल्या विपुल रचनांपैकी फारच थोड्यांविषयी त्याने असे म्हटले आहे.

६. रसचर्चेच्या संदर्भात

उपरोक्त तिन्ही रचनांना विप्रलंभ शृंगाराची उदाहरणे म्हणता येईल काय? मम्मटाने अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप असे विप्रलंभाचे पाच प्रकार सांगितले. विश्वनाथाने पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार सांगितले. या सर्व प्रकारांत एक गोष्ट गृहीत आहे : रती हा स्थायी भाव अबाधित असतो आणि पुनर्मीलनाची शक्यता कोठेतरी शिल्लक असते. करुण विप्रलंभातसुद्धा मृत प्रियाच्या पुनःप्राप्तीची आशा असते. दोन माणसांपैकी एकाने स्वेच्छेने प्रेम संपवावे, या अवस्थेला या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान नाही.

ही उणीव शास्त्राची म्हणण्यापेक्षा ज्या समाजव्यवस्थेतून ते वर्गीकरण आले तिची मर्यादा होय. तथापि हेच वर्गीकरण या तीन गीतांतील फरक स्पष्ट करण्यास उपयोगी पडते. पहिल्या गीतात गर्व आणि अमर्ष हे संचारी भाव पृष्ठभागावर आहेत, पण त्यांच्याखाली रती शाबूत आहे. दुसऱ्या कडव्यातील निसटलेली इच्छा ही तिचीच खूण. दुसऱ्या गीताचा आरंभ प्रवासविप्रलंभाने होतो आणि शेवटी आशा मावळल्यावर ते शोकाच्या उंबरठ्याशी येते. तिसऱ्यात अमर्षाने स्थायी भावाची जागा बळकावली आहे. संचारी भाव स्थायी होऊ पाहतो तेव्हा रसनिष्पत्तीत विघ्न येते, हे रसचर्चेतील तत्त्व येथे पडताळता येते.

साधारणीकरणाची संकल्पनाही येथे मदतीस येते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेल्या या कल्पनेनुसार काव्यातील भाव अमुक एका व्यक्तीचा या मर्यादेतून सुटतो, तेव्हाच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. टी. एस. एलियटने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भोगणारा माणूस आणि निर्माण करणारे मन यांच्यातील अंतराचा जो आग्रह धरला, त्याची दिशाही याहून फार वेगळी नाही. पहिल्या दोन गीतांत हे अंतर कवीला स्वतः निर्माण करावे लागले नाही. लोकगीताच्या रूपबंधाने ते आयते दिले. कोंबड्याचे आरवणे, लांबचा रस्ता, जहाज, पत्र, बूट या सर्व गोष्टी कवीच्या आधीपासून गीतांत होत्या. त्या कोणा एकाच्या नव्हत्या, म्हणूनच त्यांच्यात ठेवलेले दुःख कोणालाही उचलता आले. पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने १९६३ मध्ये आणि जॉनी कॅशने १९६५ मध्ये पहिले गीत गायिले. त्यांच्या श्रोत्यांना पेरुजा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मराठी लोकसाहित्यातही याला समांतर अशी प्रक्रिया दिसते. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा मोठा समूह आहे. निरपराध असून टाकली गेलेली सीता ही दळणाऱ्या बाईला आपले दुःख ठेवण्यासाठी परंपरेने दिलेली जागा आहे. नवऱ्याने टाकल्याचे दुःख स्वतःच्या नावाने बोलण्याची सोय नसलेल्या घरात ते सीतेच्या नावाने बोलता येते. मात्र एक भेद विसरता कामा नये. दळणारीचा मुखवटा सामाजिक धाकातून आलेला आहे, तर डिलनचा आत्माभिमानातून आलेला आहे. शिवाय ओवीवर कोणाची मालकी सांगितली जात नाही. डिलनची गीते मात्र कायद्याने त्याच्या नावावर नोंदली गेली.

७. दोन प्रकारचे ऋण

या शेवटच्या मुद्द्यातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो आणि तो टाळून या गीतांचा विचार पूर्ण होणार नाही. दुराव्याच्या गीतात दोन प्रकारचे उसने घेतलेले असते : एक परंपरेकडून, दुसरे समोरच्या व्यक्तीच्या आयुष्याकडून.

पहिल्या ऋणाचा संबंध क्लेटनशी आहे. चालीच्या साम्यावरून दोन प्रकाशन कंपन्यांमध्ये वाद झाला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. दोघा गायकांची मैत्री त्यानंतरही टिकली. क्लेटनचे गीतही परंपरेतूनच आलेले असल्याने येथे मूळ मालक दाखवणे कठीण आहे. तथापि परंपरा सर्वांची असते, असे म्हणताना तिचे जतन करणाऱ्या मधल्या माणसाचे नाव पुसले जाते, याचे हे उदाहरण आहे. क्लेटन १९६७ साली मरण पावला. त्याचे नाव आज बहुधा या गीताच्या निमित्तानेच घेतले जाते.

दुसरे ऋण रोटोलोचे. २००८ साली तिचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, २०११ मध्ये, तिचे निधन झाले. एका गायकाच्या गिटारीवरील एक तार एवढीच आपली ओळख नसावी, ही भावना त्या पुस्तकात आहे. स्वतः चित्रे आणि कलापुस्तके करणारी, स्वतंत्र राजकीय मते असलेली ही स्त्री दीर्घकाळ एका छायाचित्रातील आणि काही गीतांतील व्यक्ती म्हणूनच ओळखली गेली. इटलीला जाणे हा तिच्या दृष्टीने शिक्षणाचा आणि स्वतःला शोधण्याचा भाग होता. गीतांनी त्याला सोडून जाणे हा अर्थ दिला.

येथेही तीन रचनांतील फरक निर्णायक ठरतो. पहिल्या दोन गीतांत तिचे चरित्र ओळखू येईल असे काही नाही. दुसऱ्यात तर सहा कडव्यांपैकी तीन जाणाऱ्या व्यक्तीला बोलण्यासाठी मिळालेली आहेत. तिसऱ्यात तिचे घर, बहीण आणि आई ओळखण्याइतक्या स्पष्टपणे येतात, पण तिला स्वतःला बोलता येत नाही. कलात्मक दृष्ट्या जे गीत दुबळे ठरले, तेच नैतिक दृष्ट्याही अन्याय करणारे ठरले. हा योगायोग नव्हे. लोकगीताचा संयम श्रोत्याला जशी जागा देतो, तसाच तो समोरच्या व्यक्तीलाही आडोसा देतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. एक, लोकगीताचा रूपबंध आत्मनिष्ठ दुःखाला दडपत नाही. स्वतःच्या नावाने जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी तो भूमिका, वस्तू आणि आवर्तने पुरवतो. दोन, केवळ चाल किंवा छंद उसना घेतल्याने हा लाभ होत नाही. त्यासोबत परंपरेची सांगण्याची रीत, म्हणजे कारणे न देण्याची आणि निवाडा न करण्याची शिस्त, स्वीकारावी लागते. 'बॅलड इन प्लेन डी' हे या शिस्तीविना घेतलेल्या साच्याचे उदाहरण आहे. तीन, परंपरेचा स्वीकार म्हणजे तिची पुनरुक्ती नव्हे. 'बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर'मध्ये भूमिकांची जी अदलाबदल झाली, ती परंपरा ठाऊक असलेल्या श्रोत्याच्या अपेक्षेवरच उभी आहे.

मराठीत भावगीत आणि लोकगीत यांचा अभ्यास बहुधा स्वतंत्र दालनांत केला जातो : एकाचा कवीच्या चरित्राच्या अंगाने, तर दुसऱ्याचा समाजजीवनाच्या अंगाने. ज्या रचना या दोहोंच्या सीमेवर उभ्या आहेत, त्यांच्यासाठी ही विभागणी अपुरी पडते. ओवीचा छंद घेऊन लिहिणाऱ्या आधुनिक मराठी कवींकडे या दृष्टीने पाहता येईल. त्यांनी परंपरेकडून केवळ छंद घेतला, की त्यासोबत तिचे मौनही घेतले, हा प्रश्न प्रत्येक संहितेला स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.